खाज तर थांबली होती

चष्मेवाल्यांच्या अंगाला खाज सुटली ती ऐन थंडीत, आणि सुरुवातीला त्यांनीच तिची चेष्टा केली. दुकानात गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना ते फूटपट्टी कॉलरीतून आत घालत, पाठ खाजवत आणि म्हणत, "बायको गेल्यापासून हे काम हिच्याकडे दिलंय." वय चौऱ्याहत्तर. नडग्या, पाठ, दंड, सगळीकडची कातडी जुन्या कागदासारखी कोरडी पडली होती. चादरीवर रक्ताचे ठिपके दिसायला लागले तेव्हा सुनेने सांगितलं की आता चेष्टा पुरे, डॉक्टरांकडे जा.

घरचे डॉक्टर दोन गल्ल्या सोडून बसत. चष्मेवाल्यांच्या मुलाचा गोवर त्यांनी काढला होता, बायकोचं शेवटचं आजारपण त्यांनी पाहिलं होतं, आणि त्यांच्या नाकावरचा चष्मा चष्मेवाल्यांच्या हातचा होता. दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच नडग्या पाहिल्या आणि बारीकशी पांढरी गोळी लिहून दिली, सकाळ-संध्याकाळ एक. हिच्यात दोन औषधं आहेत, ते म्हणाले, एक खाजेवर आणि एक खाजेच्या मुळावर. किती दिवस घ्यायची ते त्यांनी सांगितलं नाही आणि चष्मेवाल्यांनीही विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या ओळखीत असलं काही विचारणं बरं दिसत नाही.

दोन दिवसांत खाज गेली. झोपही अशी लागली की सकाळी सुनेला त्यांना हाक मारून उठवावं लागलं. चष्मेवाल्यांनी दुकानात येईल त्याला डॉक्टरांचे गोडवे गायले. पाकीट संपलं, गोळी थांबली, आणि चार दिवसांत खाज दामदुप्पट होऊन परत आली. मग त्यांनी रिकामं पाकीट औषधांच्या दुकानात नेऊन दाखवलं. दुकानदाराने ते बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि नवीन पुढे सरकवलं. हे पुढे महिनोन्‌महिने चाललं.

दुकान म्हणजे घराच्याच इमारतीत खालच्या बाजूला एक लांबट खोली. पुढे फ्रेमांची कपाटं, मागे काचा घासायचं यंत्र आणि त्याच्यासमोर उंच स्टूल. त्या स्टुलावर चष्मेवाले आयुष्यभर ताठ बसले होते. आता दुपारी त्यांची मान पुढे पडायला लागली. चेहरा मात्र भरला. गाल वर आले, पोट सुटलं, आणि ओळखीचे लोक म्हणू लागले की आजोबा, तब्येत काय मस्त सुधारलीय. सुनेने ते आपल्या हातच्या जेवणाचं कौतुक म्हणून घेतलं. हातावर जरा काही लागलं की जांभळा डाग उमटायचा, तो कोणी मोजत नव्हतं. तोंडाला कोरड पडायची, म्हणून ते सारखं पाणी प्यायचे, आणि मग न्हाणीघरात बराच वेळ भिंतीला हात टेकून उभे राहायचे तरी मोकळं होत नसे. हे कोणाला सांगायची त्यांना लाज वाटली. शेवटी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी लघवीसाठी एक गोळी वाढवली. रक्तात साखर निघाली, तिच्यासाठी आणखी एक. औषधांची पिशवी फुगत गेली, आणि पांढरी गोळी तिच्या तळाशी राहिली.

मग शिवणकाम करणाऱ्या एक बाई नवीन चष्मा घेऊन परत आल्या. जुन्या गिऱ्हाईक होत्या. त्या म्हणाल्या, सुईत दोरा तर जात नाहीच, पण जिना उतरताना पायऱ्या तरंगतात. चष्मेवाल्यांनी उजव्या डोळ्याची काच डाव्याला बसवली होती आणि डाव्याची उजव्याला. त्यांनी चष्मा हातात घेतला, उलटसुलट केला, आणि त्यांना चूक दिसेना. बाईंनीच ती दाखवली. त्या काही वाईट बोलल्या नाहीत. जाताना मुलाला गाठून मात्र एवढं म्हणाल्या की वडिलांकडे जरा लक्ष दे रे.

मुलगा विमा कंपनीत होता, सकाळी जायचा आणि दमून यायचा. त्याने लक्ष द्यायला सुरुवात केली. वडील सदऱ्याची बटणं चुकीची लावत होते. टेबलावर नसलेल्या मुंग्या बोटाने झटकत होते. एका सकाळी त्यांनी सुनेला विचारलं, "तिचा चहा झाला का?" सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती. सुनेने हो म्हटलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

मुलगा त्यांना घेऊन घरच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. चष्मेवाले, ज्यांनी आयुष्यभर पाव-पाव नंबराचा हिशेब तोंडी केला होता, ते खिडकीबाहेर बघत बसले. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेतलं. वयाचा आजार आहे, वाढतच जाणार, मनाची तयारी ठेवा, असं ते फार आपुलकीने म्हणाले. मुलाने मागितलं तेव्हा तसं लिहूनही दिलं. चालू औषधं काय आहेत, हे कोणी विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही आहे असं कोणालाच वाटलं नाही. ती लिहून देणारेच तर समोर बसले होते.

पुढचं मुलाने केलं, आणि वाईट हेतूने केलं असं कोणी म्हणू शकणार नाही. चुकीच्या काचा घालून कोणाचा पाय मोडला असता तर? यंत्रात बोट गेलं असतं तर? त्याने यंत्र विकलं, नंबर तपासायची पेटी विकली, फ्रेमा एका घाऊक व्यापाऱ्याने पोत्यात भरून नेल्या. खोली मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्याने दिली. करारावर सही घेताना त्याने वडिलांचा हात धरून जागेवर ठेवला. चष्मेवाल्यांनी विचारलं, "कोणाच्या चष्म्याची पावती?" मुलगा म्हणाला, "आपल्याच एका गिऱ्हाइकाची." त्यांनी वळणदार सही केली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते न्हाणीघरात पडले आणि मनगट मोडलं.

मोठ्या हॉस्पिटलात त्यांना म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात ठेवलं. तिथल्या डॉक्टरबाई मध्यम वयाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी हाडाचा फोटो पाहण्याआधी सुनेला सांगितलं की घरात यांची जेवढी म्हणून औषधं आहेत तेवढी घेऊन या, डबीतली, कपाटातली, उशीखालचीसुद्धा. सून पिशवी घेऊन आली. डॉक्टरबाईंनी ती पलंगावर पालथी केली, एकेक पाकीट बाजूला काढलं, आणि तळातली पांढरी गोळी हातात धरून विचारलं की ही किती दिवस चालू आहे. सून म्हणाली, ती काही नाही, खाजेची आहे. गेल्या थंडीपासून.

डॉक्टरबाईंनी मुलाला बोलावून घेतलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. गोळीतलं एक औषध खाजेचं, जुन्या पद्धतीचं, गुंगी आणणारं. तरुण माणसाला त्याने पेंग येते, या वयात त्याने माणूस भ्रमिष्ट होतो, तोंड सुकतं, लघवी अडते, तोल जातो. दुसरं स्टेरॉइड. चेहऱ्यावरची सूज, साखर, हातावरचे डाग, ठिसूळ हाड, हे बरंचसं त्याचं देणं.

"मग दोन्ही आजच बंद करून टाका," मुलगा म्हणाला.

"पहिलं आजच बंद. दुसरं आज बंद केलं तर त्यांच्या जिवावर बेतेल. शरीर स्वतः जे तयार करतं ते तयार करायचंच इतक्या महिन्यांत विसरून गेलेलं असतं. ते उतरवत उतरवत आणायला लागेल, काही आठवडे. मध्ये उलट्या झाल्या, चक्कर आली, गळून गेले, तर वाट बघू नका, सरळ इकडे या."

मुलाला विचारायचं वेगळंच होतं. शेवटी त्याने विचारलं की म्हणजे त्यांना तो विसरण्याचा आजार नाहीये का. डॉक्टरबाई म्हणाल्या की ते औषध अंगातून गेल्यावर कळेल. पण ही गोळी चालू असताना कोणी तसं ठरवायला नको होतं. मुलगा कॉरिडॉरमधल्या बाकावर जाऊन बसला आणि बराच वेळ आत आला नाही.

आणि खाजेला त्यांनी काय दिलं? साधं पांढरं मलम. अंघोळीचं पाणी फार कढत नको, साबण थोडा, आणि अंग ओलं असतानाच मलम चोळायचं. तेवढ्याने भागलं. सुनेला ते ऐकून हसू आलं आणि मग रडू.

धुकं एकदम नाही गेलं. आधी मुंग्या गेल्या. मग एका सकाळी चष्मेवाल्यांनी समोरच्या पलंगावरच्या माणसाचा चष्मा वाकडा बसलाय हे ओळखलं आणि एका हाताने त्याची दांडी सरळ करून दिली. मग त्यांना बायको गेल्याचं आठवलं, आणि तो दिवस त्यांनी भिंतीकडे तोंड करून काढला. घरी आल्यावर ते स्टेरॉइडच्या उतरत्या गोळ्या घेत होते, सांधे दुखायचे, पाय ओढत चालायचे, पण वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत. आठवड्याभराने त्यांनी मुलाला हाक मारली आणि दुकानाची किल्ली मागितली. हात प्लास्टरमध्ये असला तरी काय झालं, निदान झाडलोट करून घेतो, धूळ साचली असेल, असं म्हणाले.

मुलगा म्हणाला की दुरुस्ती चालू आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाला की किल्ली ऑफिसात राहिली. तिसऱ्या दिवशी चष्मेवाले चप्पल घालून एकटेच जिना उतरले.

त्यांच्या कपाटांच्या जागी तारेच्या जाळ्या होत्या आणि त्यांवर शेकडो रंगीबेरंगी कव्हरं लटकत होती. मागे यंत्र होतं त्या कोपऱ्यात कोणीतरी खोके रचले होते. कव्हरवाला सभ्य माणूस होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, भाड्याचा करार दाखवला, आणि काय बोलावं ते न सुचून कोणता मोबाइल आहे असं विचारलं.

संध्याकाळी मुलगा आला तेव्हा ते वाट बघत बसले होते.

"सही माझी आहे?"

"हो बाबा."

"मला विचारलं होतंस?"

"तुम्ही तेव्हा..." मुलाने सुरुवात केली आणि थांबला. मग म्हणाला, "तुमच्यासमोरच केलं सगळं."

"समोर," चष्मेवाले म्हणाले. "यंत्र कोणी नेलं?"

मुलाला माहीत नव्हतं. मध्यस्थाने गिऱ्हाईक आणलं होतं. वडिलांनी रागवायला हवं होतं, ओरडायला हवं होतं, मग मुलालाही आपली बाजू मांडता आली असती. चष्मेवाल्यांनी उठून दिवा लावला. मुलाने आपणहून सांगितलं की तो डॉक्टरांच्या सांगण्यावर चालला, त्यानेही रात्र रात्र विचार केला, आणि तसंही या वयात किती दिवस करणार होतात. यातलं शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं.

घरच्या डॉक्टरांकडे चष्मेवाले रांगेत नंबर लावून गेले. डॉक्टर उठून उभे राहिले, खांद्यावर हात ठेवला, बसवलं. तोंडावर तजेला आहे म्हणाले. चष्मेवाल्यांनी पांढऱ्या गोळीचं रिकामं पाकीट टेबलावर ठेवलं आणि डॉक्टरबाईंनी जे सांगितलं ते शांतपणे सांगितलं. ते ऐकताना डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"अहो, मी तुम्हाला कायमची घ्या म्हटलं होतं का?" ते म्हणाले. "तुम्हीच दुकानातून घेत राहिलात."

"थांबवा असंही म्हटलं नव्हतंत. नंतर मी तीनदा आलो. लघवीसाठी आलो, साखरेसाठी आलो, मुलगा घेऊन आला तेव्हा आलो."

डॉक्टरांनी पाकीट उचलून पाहिलं. बाहेर कोणीतरी खोकत होतं. मग ते जवळजवळ विनवल्यासारखे म्हणाले, "खाज तर थांबली होती ना?"

चष्मेवाल्यांनी पाकीट परत खिशात घातलं. ते उठले. त्यांच्यामागे आत गेलेली बाई कडेवरचं मूल खाजवत होती.

खरी शिक्षा पुढे सुरू झाली. ते चांगले झाले होते हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण पटलेलं कोणालाच नव्हतं. ते चष्मा शोधायला लागले की सून आणि मुलगा एकमेकांकडे बघत. शेजाऱ्याचं नाव चटकन आठवलं नाही की मुलगा हळू, प्रेमळ आवाजात बोलायला लागे, लहान मुलाशी बोलतात तसा. भाजीवाल्याशी त्यांची हुज्जत झाली, चूक भाजीवाल्याची होती, तरी सुनेने खाली जाऊन त्याची माफी मागितली आणि त्यांना समजून घ्या म्हणाली. चष्मेवाल्यांनी हे गॅलरीतून ऐकलं.

एक नात तेवढी त्यांना पूर्वीसारखी वागवायची. पाच वर्षांची होती. तिचं नाव त्यांनी भिंगरी ठेवलं होतं, आणि भिंगवाल्याची नात भिंगरीच असणार, असं ते सगळ्यांना सांगत. शाळेतून आली की आई कामावरून येईपर्यंत ती त्यांच्याकडे असे. बहिर्गोल भिंगाने मुंगी मोठी दिसते आणि अंतर्गोलाने बारीक, हे तिला पाठ झालं होतं.

भिंगरीच्या अंगावर पित्त उठलं. पोटावर, मांड्यांवर लाल गांध्या. सून तिला संध्याकाळी घरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, कारण दवाखाना जवळ होता, उघडा होता, आणि झालं गेलं तरी ते घरचे डॉक्टर होते. त्यांनी पातळ औषधाची बाटली दिली. गांध्या बसल्या. पण पोरगी चार दिवस जागेवर बसेना. गादीवर उड्या, भिंतीवर लाथा, खाऊन खाऊन पुन्हा भूक, आणि झोपायचं नाव नाही. सून हैराण झाली. गंमतही वाटली तिला. खरोखरची भिंगरी झालीय म्हणाली.

चष्मेवाल्यांनी बाटली हातात घेतली. भिंग लावून लेबल वाचलं. पांढऱ्या गोळीच्या पाकिटावरची तीच दोन नावं होती.

त्यांनी सुनेला सांगितलं. सून म्हणाली, "बाबा, हे लहान मुलांचं आहे." त्यांनी मुलाला सांगितलं. मुलाने त्यांच्या समाधानासाठी घरच्या डॉक्टरांना फोन लावला, आणि डॉक्टर म्हणाले की मुलांचा डोस वेगळा असतो, काळजी नको. मुलाने फोन ठेवून ते तसंच सांगितलं, त्याच हळू, प्रेमळ आवाजात. शिवाय बाटली वरच्या फळीवर ठेवून दिली, जिथे वडिलांचा हात पोचत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी चष्मेवाल्यांनी मुलाला दोनदा फोन केला. तो मीटिंगमध्ये होता. सुनेला केला, तिने उचलला नाही. मग त्यांनी पोरीला हॉस्पिटलात नेतोय असं शेजारणीला सांगितलं, स्टुलावर चढून बाटली काढली, खिशात टाकली, भिंगरीचा हात धरला आणि बस पकडून मोठ्या हॉस्पिटलात गेले. डॉक्टरबाईंनी त्यांना ओळखलं आणि लहान मुलांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या तरुण डॉक्टरांनी आधी पोरीला काट्यावर उभं केलं. मुलांचं औषध वजनावर ठरतं, ते म्हणाले. ही तर मोठ्या मुलाची मात्रा आहे. शिवाय खाजेचं हे जुनं औषध काही मुलांना झोपवण्याऐवजी उलटं चेतवतं, आणि एवढ्याशा पित्ताला स्टेरॉइडची गरजच नव्हती. थोडेच दिवस झालेत, तेव्हा हे लगेच थांबवता येईल. त्यांनी गुंगी न आणणारं दुसरं औषध लिहून दिलं, चमच्याच्या खुणेसकट, आणि किती दिवस द्यायचं तेही. "आजोबा, बरं झालं आणलंत," असं ते म्हणाले. कितीतरी महिन्यांनी कोणीतरी त्यांना असं काही म्हणालं होतं.

परतायला उशीर झाला. इमारतीखाली घोळका जमला होता. शेजारणीने निरोप दिला होता, पण तो पोचला तो असा, की आजोबा पोरीला घेऊन कुठेतरी गेले. सून धावत आली आणि तिने भिंगरीला उचलून छातीशी धरलं.  मुलाने चारचौघांत आवाज चढवला नाही. घरात आल्यावर कागद वाचला, बाटली पाहिली, आणि खुर्चीत बसून राहिला.

"औषधाचं तुमचं बरोबर होतं, बाबा," तो म्हणाला. "पण हरवला असतात तर?"

"हरवलो का?"

"नाही. पण हरवला असतात तर?"

 न हरवलेल्या माणसाने आपण हरवणार नव्हतो हे कसं दाखवायचं?

पुढच्या सोमवारपासून भिंगरी शाळेतून परस्पर पाळणाघरात जायला लागली. कोणाला दोष द्यायचा म्हणून नाही, सुनेने समजावलं, तुमच्यावर ताण नको म्हणून. भिंगरीचं पित्त गेलं, ती रात्री शांत झोपायला लागली, आणि त्याबद्दल घरात सगळे समाधानी होते. डॉक्टरबाईंनी पुढच्या तपासणीत वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. चष्मेवाले दोनपर्यंत खाली आले आणि म्हणाले की आता आणखी करायचे तर उणे संख्या लागतील. डॉक्टरबाई हसल्या. त्यांनी स्वच्छ लिहून दिलं की यांना विसरण्याचा आजार नाही. मुलाने ते वाचलं, दोनदा वाचलं, वडिलांच्या पाठीवर हात ठेवला, आणि कागद कपाटात जपून ठेवला.

मग तो भिंगरीला पाळणाघरातून आणायला निघाला. जाताना त्याने दाराला बाहेरून कडी घातली. सवयीने घातली असेल, असं चष्मेवाल्यांनी स्वतःला सांगितलं, आणि तो परत येईपर्यंत ते दाराकडे पाठ करून बसले.